बाई, तो खड्डा अर्थिंगचा होता

बाई, तुझ्या तेरवीला मी जेवले नाही. पंगतीत बसले, वरण-भात वाढून घेतला आणि तसाच ठेवून उठले. लोकांनी पाहिलं. लोकांनी पाहावं म्हणूनच उठले.

मांडवात एक उभा फर्राटा पंखा लावला होता. त्याला पिन नव्हती. दोन उघड्या वायरी सॉकेटच्या भोकांत घातलेल्या, आणि निघू नयेत म्हणून आगपेटीच्या काड्या खोचलेल्या. करंटने गेलेल्या बाईच्या तेरवीत! मी बटण बंद केलं, वायरी ओढून काढल्या आणि पंखा उचलून कोपऱ्यात नेऊन ठेवला. वाढणारा पोरगा ओरडला, "अवो मॅडम, लोकाईले गरम होऊन राहिलं ना." म्हटलं, होऊ दे.

पण मी उठले ती पंख्यामुळे नाही. तुझे भासरे, श्रावणजी, हात धुवायच्या टाक्याजवळ खुर्ची टाकून बसले होते. भाऊजींचे मोठे भाऊ म्हणून येणारा-जाणारा पाहुणा आधी त्यांनाच रामराम करत होता. आणि ते प्रत्येकाला एकच सांगत होते. "तिनं पुरलं होतं, तिलेच फिरलं. करनी अशीच उलटते गा." माझ्या पानावर भात वाढला जात होता तेव्हा हे माझ्या कानावर आलं. तुझ्या नावाचा भात, आणि त्याच्यावर हे वरण. कोणाच्या घशाखाली उतरलं ते मला माहीत नाही. बहुतेकांच्या उतरलं असावं, कारण बुंदी संपली.

तू असतीस तर थोरल्या बहिणीच्या हक्काने, सुनीताचं 'सुने' करून म्हणाली असतीस, "सुने, अन्नावर राग काढू नये वो." अन्नावर नव्हता माझा राग. ज्याच्यावर होता तो समोर बसून सुपारी कातरत होता.

आपण एकोडीच्या. आपल्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नव्हतं, आणि मी गेले ती तुझ्यामुळे गेले. हे मी आजवर कोणापुढे बोलले नाही, कारण मला मिरवायची सवय आहे आणि मिरवताना माणूस एकटाच उभा राहतो. तुझी शाळा सातवीनंतर सुटली. धानाच्या रोवणीला हात कमी पडत होते. तुझ्या लग्नाची बैठक बसली तेव्हा बाबांनी सहज म्हटलं होतं की मोठीचं झालं की लहानीलाही उजवून टाकू. तू दाराआडून, पाहुण्यांना ऐकू जाईल अशी बोललीस, "बाबा, तुमी म्हनान तिथं मी जातो. पन सुनीचं कॉलेज बंद करान तं मी मांडवात नाई बसत." पाहुणे हसले. बाबा हसले नाहीत. त्यांना ठाऊक होतं, तू बसली नसतीस.

मी बीएस्सी झाले, फिजिक्स घेऊन. पुढे शाळेत विज्ञान शिकवू लागले, आणि तू गावभर सांगत फिरलीस, "माही बहीन फिजिक्सवाली आहे." फिजिक्स म्हणजे काय हे तुला कोणी विचारलं की सांगायचीस, "लायटीचं शिक्षन." मी चिडायचे. तुला माझं चिडणं आवडायचं. परीक्षेच्या वेळी मी मोठ्याने पाठ करत बसायचे आणि तू शेजारी तांदूळ निवडत बसायचीस. एकदा मी वीज जमिनीत कशी जाते ते घोकत होते, तर तू सूप थांबवून विचारलंस, "मंग जमिनीतल्या गांडुळाले करंट नाई लागत का?"

"गांडूळ बायोलॉजीत असते," मी म्हटलं.

"पन करंट तं फिजिक्सचा लागन ना त्याले."

त्यावर आपण दोघी इतक्या हसलो की तांदूळ सांडले आणि मायने दोघींना शिव्या दिल्या. आज मला वाटतं, ज्या घरात तू गेलीस तिथे तुझ्यासारखा एक प्रश्न विचारणारं माणूस असतं, तर तू जिवंत असतीस.

आपल्याकडे उन्हाळा म्हणजे कूलर. पत्र्याचा, खाली पाण्याची टाकी, तीन बाजूंनी वाळा, आतून पंप गुरगुरतो. हा कूलर चावतो, हे लहान पोरालाही माहीत असतं. सासू नव्या सुनेला सांगते, पाणी टाकताना चप्पल घाल. हात लावायचा तर आधी उलटा लाव, म्हणजे झटका बसला तरी हात सुटेल. जंगलाच्या कडेची गावं वाघाशी जमवून घेतात, तसं आपण कूलरशी जमवून घेतलं आहे. फरक एवढाच की वाघ आपण घरात आणून बांधत नाही. चावणारी वस्तू काहून चावते, हे कोणी विचारत नाही. चप्पल घालायची, झालं.

भाऊजींनी जुन्या घराला लागून दोन पक्क्या खोल्या काढल्या तेव्हा मी सुट्टी काढून आले, वायरिंग होईपर्यंत खुर्ची टाकून बसले. वायरमन मला म्हणाला, "मॅडम, तिसरी वायर कोनी टाकत नाई. बोर्डाले ते मोठं भोक असते ना, ते कंपनीचं असते."

"कंपनी येडी आहे का?"

"आता तुमीच म्हनता तं..."

त्याने टाकली. हिरवी वायर प्रत्येक बोर्डात गेली, कूलरला, फ्रीजला, मिक्सरच्या जागी. आणि घरामागे, माणूस छातीपर्यंत उतरेल एवढा खड्डा झाला. त्यात पाइप उभा केला, भोवती कोळशाचा थर, जाड्या मिठाचा थर, परत कोळसा, परत मीठ. दोन्ही ओल धरून ठेवतात आणि ओल्या जमिनीत करंट सहज उतरतो. कोळसा तू स्वतः जमवला होतास. चुलीतले निखारे पाणी मारून विझवायचीस आणि पोत्यात भरून ठेवायचीस. तुझी जाऊ, श्रावणजींची बायको, भिंतीपलीकडून ते पाहत होती, हे तुला तेव्हा महत्त्वाचं वाटलं नाही.

तुला मी समजावून सांगितलं होतं. कूलरच्या पत्र्यात करंट उतरला तर त्याला जमिनीत जायचं असतं. हिरव्या वायरची वाट दिली तर तो तिकडून जातो, आणि जाता जाता फ्यूज उडवतो. वाट नाही दिली, तर जो हात लावेल तो माणूस त्याची वाट. तू म्हणालीस, "म्हंजे ह्यो खड्डा आपल्या बदली करंट खाते." मी वर्गात आता असंच शिकवते, तुझ्या शब्दांत. मुलांना पटकन कळतं.

खड्डा कोरडा पडू देऊ नको, असंही सांगितलं होतं. तू ते इतकं मनावर घेतलंस की रोज सकाळी तुळशीला एक लोटा आणि खड्ड्याला एक लोटा. हात जोडायचे तेवढे बाकी होते. त्या पाण्यानेच घात केला, बाई. एक बाई रोज घरामागे जाते आणि जमिनीतल्या भोकात पाणी ओतते. गावाने याचा अर्थ गावाच्या पद्धतीने लावला.

पुढच्या पावसाळ्यात श्रावणजींचा हेला मेला. चिखलणीची रेड्यांची जोडी, त्यातला चांगला हेला, ऐन रोवणीत पोट फुगून मेला. जनावरांच्या डॉक्टरला कोणी बोलावलं नाही. पुजाऱ्याला बोलावलं. तो अंगारा फुंकून म्हणाला, आवारात कोणीतरी काही पुरलं आहे. मग काय, तुझ्या जावेने बोट दाखवलं, आणि श्रावणजींनी फावडं घेतलं.

त्या दिवशी तुझा फोन आला. "सुने, अर्थिंग काढलं वो." तू आधी हसून सांगत होतीस. "कोळसा निघाला तं लोकं मागं सरले. मीठ निघालं तं जाऊबाई किंचाळलीच. पाइप तं त्याईनं काठीनं ढकलला, हातात घ्याची हिंमत नाई." सगळं पोत्यात भरून नदीत सोडलं. खड्ड्यात पुजाऱ्याने हळद-कुंकू लावलेलं लिंबू पुरलं आणि वरून माती लोटली. करंटसाठी लिंबू. हे सांगताना तू हसता हसता थांबलीस.

"तू सांगितलं काहून नाही, अर्थिंग आहे म्हणून?" मी विचारलं.

"भासऱ्यासमोर मी बोलतो का?"

हे मी विसरले होते. लग्न झाल्यापासून तू त्या माणसाशी एक शब्द बोलली नव्हतीस. ते ओसरीवर आले की तू पदर ओढून आत जायचीस. तशीच रीत आहे. सुनेने भासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, समोर उभं राहायचं नाही. तू तुझ्या लेकीला, समीला, पुढे केलंस. म्हणालीस, मोठ्या बाबाले सांग, हे कूलरसाठी आहे. समीने सांगितलं. त्यावर ते काय म्हणाले, हे तू मला त्यांच्याच आवाजात करून दाखवलंस. "कूलरले मीठ कायले लागते? त्याची का भाजी करायची आहे?" आणि सगळं आवार हसलं. भाऊजी तिथेच उभे होते. दादापुढे ते कधी बोलले नाहीत, तेव्हाही बोलले नाहीत.

त्यानंतर मला तुझ्या अंगणात यायची बंदी झाली. कोळसा-मीठ माझ्या सांगण्यावरून आलं होतं ना. वायरमनलाही बंदी. "ज्यानं पुरलं त्यानं ह्या अंगनात पाय ठेवाचा नाई," श्रावणजींनी सांगून ठेवलं. गावात ही गोष्ट पसरली, आणि दुसराही कोणी वायरमन यायला तयार होईना. आपण भेटायचो ती सानगडीच्या बाजारात. वांग्यांच्या ढिगासमोर उभ्या राहून भांडायचो.

आपलं शेवटचं भांडण मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हटलं, चल पोलिसांत. जादूटोण्याचा कायदा आहे. एका बाईवर करणीचा आळ घेतात, तिच्या घराची सुरक्षा उखडून नदीत टाकतात, आणि आपण वांगी निवडतो आहे.

"घरात मले राहाचं आहे, तुले नाई."

"मग निदान हिरव्या वायरी काढून घे. खड्डा नसला तर त्या वायरी उलट वाईट आहेत, बाई. सगळ्या एकमेकींना जोडलेल्या आहेत. कूलरचा करंट फ्रीजला जाईल."

"काढन कोन? कोनी येतच नाई. मी चप्पल घालतो ना."

"चप्पल म्हणजे अर्थिंग आहे का?"

"सुने, तुले माह्या गळ्याची आन आहे. पोलिसांचं नाव काढाचं नाई."

भाजीवाली म्हणाली, "अवो बाया हो, घेता का नाई?" तू वांगी घेतलीस. मी काही घेतलं नाही. मी गप्प बसले ते तुझ्या आनेमुळे. म्हणून तुझ्यावरही मी रागावलेली आहे, हे तुला कळू दे. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. ज्यांनी हे म्हटलं त्यांना बहीण नसावी.

हिवाळा गेला. कूलर निघाला. एका दुपारी तू त्यात पाणी टाकलंस, चप्पल घालून. उलटा हात लावून पाहिलास, चप्पल होती म्हणून काही जाणवलं नाही. मग स्वयंपाकघराकडे वळलीस. तिथे देव आहेत. तिथे तू कधी चप्पल नेली नाहीस, तुझ्या सासरी कोणीच नेत नाही. चप्पल उंबऱ्याबाहेर राहिली. फरशी नुकतीच पुसलेली होती. तू फ्रीजच्या दांडीला हात लावलास.

कूलरचा पंप आतून गळका झाला होता. करंट पत्र्यात उतरला, पत्र्यातून हिरव्या वायरीत गेला, खड्ड्याकडे धावला, आणि खड्डा नव्हता. तो परतला आणि फ्रीजमध्ये थांबला. तुझी वाट पाहत.

समीने तुला चिकटलेलं पाहिलं. मी तिला बाजारातल्या भेटींत शिकवलं होतं, कोणाला करंट लागला तर हात लावायचा नाही, आधी मेन पाडायचा. पोरीने स्टूल ओढलं, वर चढली आणि मेन पाडला. तोवर तू गेली होतीस. पण ती राहिली. तुझी पोर राहिली, बाई, आणि तिने ते सगळं डोळ्यांनी पाहूनही हात आवरला. यासाठी मी तिच्या पाया पडायला तयार आहे. आणि श्रावणजी काय म्हणाले, माहीत आहे? "मायले हात नाई लावला पोट्टीनं. कशी पोरगी आहे."

मी पोचले तेव्हा तिरडी बांधून तयार होती. ऊन लागून गेली, असं ठरलं होतं. दिवस मावळायच्या आत उरकायचं होतं. मी तिरडीला आडवी उभी राहिले. तुझी मूठ उघडली आणि तळहातावरची काळी खूण सगळ्यांना दाखवली. म्हटलं, उन्हाने हात जळतो का? पंचनामा झाल्याशिवाय ही उठणार नाही. बायका म्हणाल्या, मढ्याची विटंबना करून राहिली. करू दे मला. तुला चिरलं, बाई, सरकारी दवाखान्यात, आणि त्याबद्दल मी तुझी माफी मागणार नाही. कागदावर आलं, विजेच्या धक्क्याने. ऊन खोटं ठरलं.

तेव्हा श्रावणजींनी ऊन सोडलं आणि तेरवीपर्यंत दुसरं काढलं. करंट लागला हे खरं. पण काहून लागला? करणी फिरली.

दुसऱ्या दिवशी मी पोलीस स्टेशनात होते. आन तुझ्या गळ्याची होती. तो गळाच राहिला नाही. जमादाराने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, अर्ज घेतला, आणि मग खरं तेच सांगितलं. "मॅडम, खड्डा त्याईनंच उकरला हे कोन सांगन? गावातला एक मानूस उभा करा." मी दारोदार गेले. ज्यांनी मीठ निघताना किंकाळी ऐकली होती, त्या सगळ्यांना अचानक त्या दिवशी शेतात काम होतं.

समीला मी माझ्याकडे आणलं आहे. शाळेच्या दाखल्यासाठी गावाला नेलं होतं, तर हातपंपावर एक पोरगी दुसरीला म्हणाली, "हे पाह्य, करनीवालीची पोट्टी." समीने ऐकलं. परतीच्या बसमध्ये तिने मला विचारलं, "मावशी, आईनं खरंच पुरलं होतं का काई?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, पाइप, कोळसा, मीठ, हिरवी वायर. तिने मान हलवली. पण मला दिसलं, तिला माझं बोलणं पुरत नव्हतं. एकटी मावशी सांगते आणि अख्खं गाव सांगतं, यात पोर कोणाचं मानेल? तू मेलीस तेवढ्याने त्यांचं भागलं नाही. तुझं नाव ते तुझ्या लेकीच्या गळ्यात धोंड्यासारखं बांधणार होते. मग ती शाळेत, लग्नात, कोणाचं जनावर मेलं तरी, आयुष्यभर करणीवालीची पोरगी. बसमध्ये बसल्या बसल्या मी ठरवलं की हे त्याच गावाच्या तोंडून पुसून घ्यायचं, आणि त्याच माणसाच्या.

संधी त्यांनीच आणून दिली. अर्जाची बातमी लागली तशी गावातली चार मोठी माणसं भाऊजींना घेऊन माझ्या घरी आली. चहा घेतला. घराण्याची बदनामी, पोरीचं पुढचं, असं सगळं बोलून झालं. "मिटवून टाक, बाई. काय पायजे ते सांग."

"श्रावणजींनी गावासमोर खरं सांगावं. सगळ्यांसमोर, बायकांसमोर. समी तिथे असेल. पोलीस पाटील तिथे असतील."

"मंग अर्ज वापस घेशीन ना?"

"आधी बोलू द्या. मग पाहू."

ते खूश होऊन गेले.

समाजमंदिरात सभा भरली. श्रावणजी उभे राहिले. एवढ्या वर्षांत तू ज्यांच्यासमोर उभी राहिली नाहीस, त्यांच्यासमोर मी हातभर अंतरावर उभी होते, डोक्यावर पदर नाही, नजर खाली नाही. ते जमिनीकडे पाहून पुटपुटले, "खड्डा उकरून काढला. चूक झाली."

"कोणी काढला?"

"आमी."

"आमी म्हणजे कोण?"

"...मी."

"जोरात बोला. मागच्या बायांना ऐकू नाही येऊन राहिलं."

मागून एक म्हातारी बोलली, "हो ना गा. हेला मेला तवा तं लय आवाज होता तुहा." थोडे हसले. हसणं फिरलं होतं, बाई. आता ते त्यांच्यावर होतं.

"काय निघालं खड्ड्यातून?"

"कोळसा. मीठ."

"कूलरला मीठ कायले लागते, श्रावणजी?"

त्यांनी वर पाहिलं. त्यांना ते वाक्य ओळखू आलं. मी उत्तर दिलं नाही, कोणाला देऊही दिलं नाही. थांबले. त्यांच्या कपाळावरून घाम गळायला लागला, आणि मी तो गळू दिला. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

"करंट जमिनीत जावाले," शेवटी ते म्हणाले.

"आणि खड्डा काढला म्हणून तो कुठे गेला?"

"...मंदात."

पहिल्यांदा त्यांनी तुझं नाव घेतलं. लहान्याची बायको म्हणाले नाहीत, समीची माय म्हणाले नाहीत.

"करणी होती का?"

"नव्हती."

मी समीकडे पाहिलं. ती रडत नव्हती. ती मागे वळून त्या हातपंपावरच्या पोरीकडे पाहत होती, आणि ती पोरगी खाली पाहत होती. एवढ्यासाठी मी आणखी दहा सभा घेतल्या असत्या. पुजारी आला नव्हता. त्याला बरोबर त्याच दिवशी पाहुण्यांकडे जायचं होतं.

सभा सुटल्यावर श्रावणजी पाणी पिऊन माझ्याकडे आले. "झालं ना आता समाधान? अर्ज..."

"पाहू म्हटलं होतं," मी म्हटलं. "पाहिलं."

मी अर्ज मागे घेतला नाही. जमादाराला गावातला एक माणूस हवा होता. आता गावच होतं. ज्यांना त्या दिवशी शेतात काम होतं, त्या सगळ्यांनी श्रावणजींच्या तोंडून कबुली ऐकली होती, पहिल्या रांगेत बसलेल्या पोलीस पाटलांसकट. पाटील भला माणूस आहे, खोटं बोलत नाही. त्यांनी जबाब दिला. मग म्हातारीने दिला, आणि वर हेल्याचीही गोष्ट सांगितली. श्रावणजींना बोलावणं गेलं. सध्या ते जामिनावर आहेत, आणि लोक मला सांगतात की ते रात्रंदिवस खाटेवर बसून असतात, कोणी रामराम करत नाही.

परवा भाऊजी आले. एकटेच. समीसाठी शिंगाडे आणले होते, तलावातले. दारातच बसले. "सुनीता, धोका केला तू. दादा म्हातारे आहेत. इतका सूड बरा नाई."

"बाई पण म्हातारी झाली असती," मी म्हटलं.

ते रडले. मला त्यांची दया आली, पण उपयोगी पडेल इतकी आली नाही. म्हणाले, "मंदा असती तं तिनं असं होऊ देलं नसतं. तिनं तुले आन घातली असती."

हे ते बरोबर बोलले, बाई. तू घातली असतीस. पदर सावरत आली असतीस, माझा हात धरला असतास, म्हणाली असतीस, "सुने, जाऊ दे ना वो, म्हातारा मानूस आहे." आणि मी चिडले असते, भांडले असते, आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्याने अर्ज मागे घेतला असता. आयुष्यात मी बापाचं ऐकलं नाही, नवऱ्याचं ऐकलं नाही, हेडमास्तरचं तर मुळीच नाही. एक तुझंच ऐकत आले. मला थांबवू शकेल असं जगात एकच माणूस होतं, आणि श्रावणजींनी नेमकं तेच मारलं.